‘मिटिगेशन’ दिसलं की झालं? ओळ शेवटपर्यंत वाचा की!

केव्हीएम (लिनक्सची व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारी यंत्रणा) होस्टवर सिसएफएसच्या (कर्नल आपली माहिती फाइलींतून दाखवतो ती जागा) ‘व्हल्नरेबिलिटीज’ फोल्डरात एल१टीएफ या प्रोसेसर-दोषाच्या नावाची फाइल असते, ती ‘कॅट’ कमांडने वाचली की एक ओळ येते: ‘मिटिगेशन: पीटीई इन्व्हर्जन; व्हीएमएक्स: कंडिशनल कॅश फ्लशेस, एसएमटी व्हल्नरेबल’. पहिला शब्द, म्हणजे ‘उपाय केलाय’, बघून लोक खुशाल तिकीट बंद करतात! अरे, शेवटचे दोन शब्द, म्हणजे ‘एसएमटीमुळे (हायपरथ्रेडिंगमुळे) धोका कायम’, काय शोभेला ठेवलेत?

ऑगस्ट २०१८ पासून जगजाहीर असलेला दोष आहे हा. पेज टेबलातली (मेमरीचे पत्ते जुळवणाऱ्या तक्त्यातली) नोंद ‘प्रेझेंट’ नसली तरी इंटेलचे तेव्हाचे प्रोसेसर तिच्यातला पत्ता खरा धरून एल१ डेटा कॅशमध्ये (कोअरच्या छोट्या, वेगवान मेमरीत) डोकावतात. गेस्टमधून, म्हणजे व्हीएमच्या आतून, तर ईपीटीसुद्धा (गेस्टला त्याच्याच मेमरीत अडकवणारा होस्टचा तक्ता) वगळलं जातं. म्हणजे गेस्टचा कर्नल हवा तो पत्ता लिहून होस्टचा नाहीतर शेजारच्या व्हीएमचा डेटा उपसणार. पीटीई इन्व्हर्जन, म्हणजे अशा नोंदींतला पत्ता उलटवून निरुपयोगी करणं, होस्टवरच्या प्रोसेसेसपुरतं. गेस्ट आपली पेज टेबलं आपणच लिहितो, त्याला काय त्याचं!

म्हणून व्हीएममध्ये शिरताना केव्हीएम कॅश पुसतं, तेही डिफॉल्टला ‘गरज वाटली तर’. आणि हायपरथ्रेडिंग चालू असेल, तर कोअरचा दुसरा थ्रेड त्याच ३२ केबी कॅशमध्ये नवा माल भरतच असतो. पुढे फरशी पुसायची आणि मागून चिखलाचे पाय!

परक्या गिऱ्हाइकांचे व्हीएम असतील तर बूटला ‘एल१टीएफ=फुल,फोर्स’ द्या. एसएमटी बंद, फ्लश दरवेळी. निम्मे थ्रेड जातील, हो. थ्रेड मोजून व्हीसीपीयू (व्हीएमचे आभासी प्रोसेसर) विकले होते, तेव्हा हा हिशोब कुठे गेला होता?

त्याहून डोकं फिरतं ते एमडीएसच्या (इंटेलच्याच प्रोसेसरच्या आतल्या बफरांतून डेटा गळणाऱ्या दुसऱ्या दोषाच्या) वेळचं, मे २०१९ मधलं. होस्टवर नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) घातला, क्यूएमयू (व्हीएम चालवणारा प्रोग्राम) अपडेट केलं, आणि मग गेस्टच्या आतून ‘रीबूट’! अहो, त्याने क्यूएमयूची जुनीच प्रोसेस चालू राहते, एमडी-क्लिअर फ्लॅग (ते बफर पुसता येतात हे सांगणारी खूण) गेस्टला दिसतच नाही. व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावा लागतो, आणि लिबव्हर्टमधल्या (व्हीएमची मांडणी सांभाळणाऱ्या टूलमधल्या) सीपीयू मॉडेलमध्ये तो फ्लॅगही हवा. नाहीतर गेस्ट बिचारा ‘नो मायक्रोकोड’ म्हणून ओरडत राहतो.

सगळे व्हीएम घरचेच, विश्वासाचे असतील तर ठेवा एसएमटी चालू, हरकत नाही. पण मग तिकिटावर ‘धोका मान्य’ लिहा, ‘पॅच केलं’ नाही.