डरहॅमचा बैल सिनेमातून आलेला नाही

नॉर्थ कॅरोलायनातल्या आपल्या मराठी मंडळींत सध्या एक मजकूर फिरतोय. त्यात म्हटलंय की डरहॅम बुल्स या बेसबॉल संघाला नाव आणि बैलाचा लोगो 1988 च्या ‘बुल डरहॅम’ सिनेमाने दिला, मैदानावरची धूर सोडणाऱ्या बैलाची पाटी शंभर वर्षांची आहे, आणि पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारे, जिथे हात मोकळा करतात त्या ‘बुलपेन’चं नावही त्याच पाटीवरून पडलं. मुलांना सामने बघायला नेणारे आपले लोकच हे पुढे पाठवतायत, म्हणून लिहितो.

आधी नाव. 1902 मध्ये संघ सुरू झाला तेव्हा त्याचं नाव होतं टोबॅकोनिस्ट्स, म्हणजे तंबाखूवाले. 1913 मध्ये ते बुल्स झाले. सिनेमा आला त्यानंतर 75 वर्षांनी.

बैल त्याहूनही जुना. 1865 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेचं यादवी युद्ध संपत आलं होतं. शरणागतीच्या वाटाघाटी डरहॅमजवळ चालल्या होत्या, तेव्हा रिकाम्या बसलेल्या सैनिकांनी जॉन ग्रीन यांच्या कारखान्यातली तंबाखू लुटली. घरी गेल्यावर चव आठवली, आणि मागणीची पत्रं येऊ लागली. ग्रीननी पाकिटावर बैल छापला. तो कोलमन्सच्या मोहरीच्या डब्यावरून सुचला, असं सांगतात. पुढे डब्ल्यू. टी. ब्लॅकवेल कंपनीने त्याला जगभर नेलं. त्या कंपनीची विटांची जुनी इमारत आजच्या मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. इथल्या तंबाखू कारखान्यांत कृष्णवर्णीय कामगारांच्या, बायकांच्याही, पिढ्या राबल्या. बैल सिनेमाचा म्हटलं की त्यांचं गाव चित्रातून पुसलं जातं, आणि मला तेच खुपतं.

आता लोगो. पाकिटावरचा बैल बाजूने दिसतो, चारही पाय जमिनीवर टेकवून शांत उभा. टोपीवरचा बैल मात्र ‘डी’ अक्षरातून मुसंडी मारत बाहेर येतो. हा बदल संघाचा, हॉलिवूडचा नव्हे. 1971 नंतर बंद पडलेला संघ 1980 मध्ये पुन्हा उभा राहिला आणि सिनेमाने त्याच संघाची टोपी पडद्यावर आणली. त्यामुळे ती देशभर खपली. सिनेमाचं एवढं श्रेय मान्यच करायला हवं.

पाटीचं मात्र उलट आहे. नाकातून धूर, लाल डोळे, हलणारं शेपूट, खाली ‘बैलाला मारा, स्टेक जिंका’: ती 1987 मध्ये चित्रीकरणासाठीच बनवली. संघाने ती ठेवून घेतली, आणि 1995 च्या नव्या मैदानातही तसाच बैल उभा राहिला. गवताला चेंडू लागला तर सॅलड, हेही त्यावर लिहिलेलं आहे. अर्थात कल्पना हवेतून आली नव्हती. 1910 च्या सुमारास तंबाखू कंपनीने देशभरच्या मैदानांवर बैलाचे प्रचंड फलक लावले होते आणि चेंडूने बैल टिपणाऱ्या फलंदाजाला 50 डॉलर दिले जात.

‘बुलपेन’ची गोष्ट याच फलकांमुळे पसरली असावी. फलकांच्या सावलीत पिचर सराव करत, म्हणून बुलपेन, असं ऐकायला पटतं. पण सिनसिनाटीच्या एका वर्तमानपत्रात 1877 मध्येच हा शब्द बेसबॉलच्या संदर्भात छापलेला सापडतो. तिथे तो पिचरसाठी नाहीच. उशिरा येणाऱ्या प्रेक्षकांना कमी पैशांत दोरीआड कोंबायच्या जागेला तो वापरलाय. त्याआधी कैद्यांना कोंडायच्या कुंपणालाही लोक बुलपेनच म्हणत.