विलंबाची कारणे काय आहेत?

नागपूरच्या धरमपेठेत ट्रॅफिक पार्कच्या बाजूच्या कट्ट्यावर शनिवारी वाद पेटला तो मिहानवाल्याच्या एका वाक्याने. "ऑफिसात दोन ओळींच्या वर मेल लिहिणारा माणूस दुसऱ्याचा वेळ खातो," तो म्हणाला. चौघं बसले होते: मिहान या उद्योगक्षेत्रात आयटीत काम करणारा हा मिहानवाला, कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालेले काका, पोरांना फुटबॉल शिकवणारे मास्तर आणि फिजिओथेरपिस्ट ताई. ऑफिसच्या लिहिण्यावरून गोष्ट फुटबॉलवर गेली, तिथून मनाशी ठरवलेल्या गोष्टी का तुटतात इथवर आली. तिन्ही ठिकाणी काकांचा एक जुना सरकारी प्रश्न कामाला आला, म्हणून हे सगळं लिहून ठेवलं.

"दोन ओळी लिही ना बापा, कोण नाही म्हणते?" काका म्हणाले. "पण तुझ्यासारख्यांच्या मेलमधली 'पंपाचं लवकर बघा' ही ओळ दोन नाही, अर्धीही नाही. कोणता पंप? कोणी बघायचं? बघायचं म्हणजे मेकॅनिक बोलवायचा का दरपत्रक मंजूर करायचं? आणि लवकर म्हणजे कधी?"

"काका, तुमच्या पत्रात तरी काय असते? 'उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर प्रकरणी आवश्यक ती कार्यवाही तातडीने करण्यात यावी व केलेल्या कार्यवाहीचा अहवाल सादर करण्यात यावा, ही विनंती.' यात कुठे आहे कोण, काय आन् कधी?" मिहानवाल्याने विचारलं.

काकांनी हे मान्य केलं, आणि तेही मनापासून. "करण्यात यावी" असं लिहिलं की करणारा गायब होतो. आदेश कार्यालयाचा असतो, एका माणसाचा नाही, म्हणून ही वाक्यरचना रुळली. पण पदनाम लिहायला कोणी अडवलेलं नाही. "कार्यकारी अभियंत्यांनी 12 तारखेपर्यंत अहवाल द्यावा" हेही सरकारीच मराठी आहे आणि यात पळवाट नाही.

मग ताईने पर्समधून कागद काढला आणि चौघांनी मिळून तो पंपाचा मेल नव्याने लिहिला. विषयाच्या जागी: "दुसऱ्या मजल्याचा पंप – रु. 18,400 च्या दरपत्रकाला मंजुरी हवी, गुरुवार दुपारी 4 पर्यंत". खाली मजकूर: "साहेब, दुसऱ्या मजल्याच्या पंपाची मोटर जळली आहे. तीन दरपत्रकं जोडली आहेत. सर्वांत कमी रु. 18,400 चं आहे, त्यात वाइंडिंग, बेअरिंग आणि 6 महिन्यांची हमी धरली आहे. गुरुवारी 4 पर्यंत मंजुरी मिळाली तर शनिवारी पंप सुरू होईल. नाही मिळाली तर सोमवारीही टँकर मागवावा लागेल."

चार-पाच वाक्यं. मिहानवाल्याच्या दोन ओळींपेक्षा मोठं, पण वाचणाऱ्याला उलट फोन करावा लागत नाही. शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं, कारण मंजुरी लांबली तर काय होणार हे साहेबांना तिथेच दिसतं. ताईने आणखी एक गोष्ट लिहून घेतली, जी सगळेच चुकतात: मेल पाच जणांना 'टू'मध्ये टाकला की पाचही जणांना वाटतं, दुसरा बघेल. ज्याने काम करायचं तो एकटा 'टू'मध्ये, बाकीचे 'सीसी'त. दोन कामं असली तर दोन मेल, नाहीतर एकाचं उत्तर येतं आणि दुसरं तसंच पडून राहतं. जोडलेल्या फाइलचं नाव 'स्कॅन001' ठेवू नये. 'पंप दरपत्रक 1' ठेवलं तर पुढच्या वर्षी शोधून सापडतं.

मिहानवाल्याचं एक म्हणणं मात्र खोडता आलं नाही. त्याच्याकडे अर्धे निर्णय फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर होतात. तिथे कागदाचं काय घेऊन बसायचं? काकांचा उपाय सोपा आहे. फोन ठेवल्यावर त्याच दिवशी एक ओळ मेलवर टाकायची: "आज 11 वाजता फोनवर ठरल्याप्रमाणे काम अमुक यांनी सोमवारपर्यंत करायचं आहे, काही वेगळं असल्यास कळवावं." फाइलमध्ये हेच काम 'संदर्भ' करतो. पत्राचा क्रमांक आणि दिनांक, जोडपत्राला पताका (खुणेची चिठ्ठी), टिपणीच्या बाजूला पान क्रमांक. तीन वर्षांनी लेखापरीक्षणवाले येतात तेव्हा टिपणी लिहिणारा बदलून गेलेला असतो, आणि त्याच्या जागी बोलायला फक्त फाइल उरते.

इथे काकांनी तो जुना सरकारी प्रश्न काढला. 1953 च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात भरतं, बहुधा डिसेंबरात, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण तारांकित प्रश्नाचा, म्हणजे आमदार विचारतो आणि मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो त्या प्रश्नाचा, छापील कागद फार थोड्यांनी नीट वाचलेला असतो. प्रश्नाचे भाग पाडलेले असतात. (1) अमुक झाले, हे खरे आहे काय? (2) असल्यास, चौकशी केली आहे काय? (3) असल्यास, त्यात काय आढळून आले व कोणती कार्यवाही केली? आणि शेवटी जवळपास नेहमी: नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तरही त्याच क्रमांकाने द्यायचं. (1) "होय, हे खरे आहे" किंवा "अंशतः खरे आहे" किंवा "हे खरे नाही". एकही भाग गाळता येत नाही. काही सांगण्यासारखं नसलं तर "प्रश्न उद्भवत नाही" असं तरी लिहावंच लागतं.

"कोणाच्या मेलमध्ये चार प्रश्न असले तर उत्तरही चार क्रमांकाने दे," काका मिहानवाल्याला म्हणाले. "तुम्ही लोक पहिल्याचं उत्तर देऊन मोकळे होता." हे शंभर टक्के खरं आहे. ऑफिसातल्या निम्म्या उलटसुलट मेलांचं मूळ तिथेच असतं.

मास्तर एवढा वेळ चहा पीत ऐकत होते. "मी पोरायले हेच सांगून रायलो," ते म्हणाले. "गोल झाला, हे खरे आहे काय? होय. पण कारण काय, हे कोणी पाहातच नाही."

मास्तरांचं म्हणणं असं. टीव्हीवर गोल पुन्हा दाखवतात तो शेवटच्या फटक्यापासून. शिव्या बसतात गोलकीपरला. पण पंधरा-वीस सेकंद मागे जा. बहुतेक वेळा दिसतं की उजवा बॅक (उजव्या बाजूचा बचावपटू) हल्ल्यात सामील व्हायला वर गेला होता आणि त्याची जागा कोणी झाकली नव्हती. मधल्या फळीत चेंडू गमावला. समोरच्याने तो लगेच त्या मोकळ्या बाजूला टाकला. मधला बचावपटू तिकडे ओढला गेला, म्हणून गोलपुढची जागा उघडी पडली आणि दूरच्या खांबापाशी त्यांचा माणूस एकटा सापडला. आता फटका कोणीही मारो. गोल तिथे नाही झाला. बॅक वर गेला आणि मधल्या फळीतल्याने मागे वळून पाहिलं नाही, तिथे झाला.

"मंग आम्ही सामना पाहायचा का चौकशी समिती बसवायची?" मिहानवाला म्हणाला. "मी चेंडू पाहायला बसतो, मास्तर. त्याच्यात मजा आहे." हा आक्षेप खराच होता, आणि मास्तरांनी तो उडवून लावला नाही. नव्वद मिनिटं कोणीच असं बघू शकत नाही, आणि बघूही नये. त्यांचा हिशेब: पहिली दहा मिनिटं चेंडू सोडायचा आणि एका संघाची बचावाची रांग बघायची. किती जण आहेत, मध्यरेषेपासून किती दूर उभे आहेत, चेंडू समोरच्याकडे गेला की पुढे सरकतात का मागे. पुढची दहा मिनिटं फक्त हे बघायचं की चेंडू हिसकावायला संघ कधी धावतो. बहुतेक वेळा इशारे ठरलेले असतात: मागे दिलेला पास, पायातून जरा लांब गेलेला चेंडू, स्वतःच्या गोलकडे तोंड करून चेंडू घेणारा खेळाडू, किंवा चेंडू बाजूच्या रेषेला लागून असणं, कारण तिथे रेषाही एक बचावपटूच असते. एवढं कळलं की उरलेली सत्तर मिनिटं मजेत बघा. गोल होण्याआधीच अंगावर काटा येईल.

टीव्हीची अडचण अशी की कॅमेरा चेंडूमागे जातो आणि लांबची बाजू दिसतच नाही. त्यासाठी मैदानावर जावं. कामठी जवळच आहे, तिथे फुटबॉलची जुनी परंपरा आहे. उभं राहायचं ते मध्यरेषेपाशी नाही, तर गोलच्या मागे जरा उंच जागा मिळाली तर तिथे. रांगेतली फट तिथूनच दिसते.

ऑफसाइडवर पाच मिनिटं गेली, आणि ती नीट लिहिण्यासारखी आहेत. क्षण धरायचा तो पास देणाऱ्याचा पाय चेंडूला लागण्याचा, चेंडू पोचण्याचा नाही. त्या क्षणी पुढचा खेळाडू समोरच्यांच्या अर्ध्यात, चेंडूच्या पुढे आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्याही पुढे असला, तर तो ऑफसाइड जागेत. बरोबरीत असला तर नाही. हात मोजत नाहीत. थ्रो-इन, गोल किक किंवा कॉर्नरवरून थेट चेंडू मिळाला तर ऑफसाइड नसतोच. आणि नुसतं त्या जागेत उभं राहणं गुन्हा नाही. खेळात भाग घेतला तरच शिट्टी.

मास्तरांनी उदाहरण दिलं 22 नोव्हेंबर 2022 चं, लुसेलच्या मैदानावरचं. विश्वचषकात सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला 2–1 ने हरवलं. मेस्सीने दहाव्या मिनिटाला पेनल्टीवर गोल केला, त्यानंतर पहिल्याच अर्ध्यात अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइडमुळे रद्द झाले. सौदीची रांग मध्यरेषेकडे वर चढून उभी होती. ही जोखीम मोठी असते, एक जण अर्धं पाऊल मागे राहिला तरी रांग मोडते. मग 48 व्या आणि 53 व्या मिनिटाला सौदीचे दोन गोल. नुसता 2–1 वाचणारा याला नशीब म्हणतो. ज्याने रांग पाहिली त्याला ते तीन रद्द गोल त्या दिवसाची खरी मेहनत वाटतात.

"माझ्याकडे येणारे लोक 2–1 च लिहून आणतात," ताई म्हणाली. "सहा किलो कमी करायचे. हा धावफलक झाला. करायचं काय, ते कुठे लिहिलं?" वजन पाण्याने आणि मिठानेही एका दिवसात किलोभर वरखाली होतं, त्यामुळे रोज काट्यावर चढणारा विनाकारण खूश होतो आणि विनाकारण खचतो. लिहायचं ते कृतीचं: आठवड्यात 4 दिवस, 30 मिनिटं, अंबाझरी तलावाच्या बाजूला, भरभर चालणं. गुडघ्याचा व्यायाम असेल तर टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली, 5 सेकंद दाबून धरायचं, 10 वेळा, अशा 3 फेऱ्या, आणि ते चहा उकळायला ठेवला की करायचं. रोज होणाऱ्या एखाद्या गोष्टीला व्यायाम बांधला नाही तर तो आठवत नाही. दुसरी चूक पहिल्या दिवशीच होते. हौसेने दुप्पट करतात, तिसऱ्या दिवशी दुखतं, चौथ्या दिवशी बंद. जमेल त्याच्या निम्म्याने सुरुवात करावी.

आणि नागपूरचं एक वेगळंच दुखणं आहे. संकल्प होतो जानेवारीत, थंडीत, सूर्य सातच्या आसपास उगवतो तेव्हा. "सकाळी साडेसातला चालायला" हे तेव्हा सुखाचं असतं. मेमध्ये पारा 45 च्या घरात जातो, सूर्य साडेपाचलाच वर आलेला असतो आणि साडेसातला डांबर तापायला लागतं. संकल्प मोडला तो आळसाने नाही, वेळापत्रक हिवाळ्याचं होतं म्हणून. ताई म्हणाली, कागदावर दोन वेळा लिहायच्या: होळीपर्यंत साडेसहा, होळीनंतर पाच. पावसाळ्यासाठी घरातला पर्याय तिसरा.

मिहानवाल्याची तक्रार वेगळी होती. पाचला उठायचं आणि चॅम्पियन्स लीग ही युरोपातल्या क्लबांची स्पर्धाही बघायची, हे जमणार कसं? युरोपात रात्री नऊला सुरू होणारा सामना आपल्याकडे त्यांच्या हिवाळी वेळेत दीडला आणि उन्हाळी वेळेत साडेबाराला लागतो. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं बदलतात. मधली सुट्टी 15 मिनिटांची, वरून वाढीव वेळ, म्हणजे दीडचा सामना साडेतीनला संपतो. आणि मंगळवार रात्रीचा सामना आपल्या तारखेने बुधवारी पडतो, त्यामुळे कोणता दिवस वाया जाणार हेही लोक चुकीचं धरतात.

आकडा मुळीच लिहायचा नाही, हे मात्र त्याला पटलं नाही. "सहा किलो डोळ्यासमोर नसेल तर मी पाचला कायले उठू?" मास्तरही त्याच्या बाजूने गेले: संघालाही गुणतक्ता बघावाच लागतो. ताई थोडी मागे आली, आकडा कागदाच्या मागच्या बाजूला, महिन्यातून एकदा बघायचा. मिहानवाला पुढच्याच बाजूवर अडून बसला. मला ताईचं बरोबर वाटतं, पण कट्ट्यावर यावर एकमत झालं नाही.

पुढची बाजू काकांनी लिहिली, तारांकित प्रश्नासारखी. (1) या आठवड्यात 4 दिवस चालणे झाले, हे खरे आहे काय? (2) असल्यास, प्रत्येक दिवशी किती मिनिटे? (3) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? दर रविवारी संध्याकाळी तिन्हींची उत्तरं क्रमांकाने. तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी एक अट घातली: "वेळ मिळाला नाही" हे उत्तर घ्यायचं नाही, कारण त्यावरून पुढच्या आठवड्यात काही बदलता येत नाही. "बुधवारी पहाटे साडेतीनपर्यंत सामना पाहिला" हे चालेल. त्यावरून चालण्याचा बुधवार गुरुवारवर नेता येतो.

मिहानवाल्याने तिथेच मोबाइलवर महिन्याचं वेळापत्रक उघडलं. दीडचे चार सामने निघाले. दोन ठेवले, दोन खोडले, आणि खोडलेल्यांपैकी एकावरून मास्तरांशी पुन्हा सुरू झालं.