पडद्यावरचा निकाल आणि गुणपत्रकावरचा निकाल : वस्तादांच्या प्रतिक्रियेला उत्तर

वस्ताद, नमस्कार.

खेळाडूंवरच्या चित्रपटांबद्दलच्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि कडक लिहिलंत. ज्यांनी ते वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं, की सिनेमाला कोर्टात उभं करू नये, अडीच तासांत अख्खा माणूस बसवायचा तर काटछाट होणारच. ‘दंगल’ आल्यावर सोलापूरच्या पूर्व भागातल्या तुमच्या तालमीत मुली आल्या, ते काम कुठल्या इतिहासाच्या पुस्तकाने केलं नाही. आणि शेवटचा टोला, की मोठ्या खेळाडूंची लफडी उकरण्यातच लिहिणाऱ्यांना रस असतो.

काटछाटीवर आपलं भांडण नाहीच. दोन मित्रांचं एक पात्र करा, तीन वर्षं एका गाण्यात उरका, कुणी कधी न बोललेले संवाद लिहा, माझी ना नाही. माझा आक्षेप निकाल बदलण्याला आहे, आणि एकाचा दोष उचलून दुसऱ्याच्या माथी मारण्याला आहे.

‘दंगल’च घेऊ, कारण ती कुस्ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते. २०१० ची दिल्लीची राष्ट्रकुल स्पर्धा, ५५ किलो गटाची अंतिम लढत. तेव्हाचा नियम तीन फेऱ्यांचा होता. फेरी दोन मिनिटांची, एका फेरीचे गुण पुढच्या फेरीत जायचे नाहीत, दोन फेऱ्या जिंकल्या की कुस्ती जिंकली. फेरीत सहा गुणांची आघाडी झाली की ती फेरी तिथेच संपायची. गीता फोगटने ऑस्ट्रेलियाच्या एमिली बेन्स्टेडला पहिल्या फेरीत १-० आणि दुसऱ्या फेरीत ७-० असं हरवलं. तिसऱ्या फेरीची गरजच पडली नाही. पडद्यावर मात्र लढत तिसऱ्या फेरीत जाते, गीता मागे पडते आणि अगदी शेवटच्या सेकंदांना पाच गुणांचा डाव टाकून जिंकते. टाळ्या पडतात हे खरं. पण राष्ट्रकुलच्या अंतिम लढतीत ७-० ची फेरी म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. जिने समोरचीला उभंही राहू दिलं नाही, तिला चित्रपटाने नशिबाने वाचलेली मल्ल करून टाकलं.

दुसरी गोष्ट प्रशिक्षकाची. गिरीश कुलकर्णींनी रंगवलेला प्रमोद कदम ऐन अंतिम लढतीच्या वेळी गीताच्या वडिलांना खोलीत कोंडायला लावतो. असं काही घडलेलं नाही. नाव बदललंय म्हणून बिघडत नाही, असं तुम्ही म्हणता. बिघडतं, कारण नाव बदललं तरी पद तेच राहतं आणि त्या पदावर कोण होतं हे कुस्तीतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तेव्हाचे प्रशिक्षक पी. आर. सोंधी यांनी जाहीर आक्षेप घेतला तो याचसाठी. गुणांवर सुटलेली कुस्ती कुणी हलगीच्या तालावर ‘चितपट’ म्हणून पुकारली, तर तुम्ही स्वतः आखाड्यात उतरून पंचाला जाब विचाराल. मी यापेक्षा जास्त काही मागत नाही.

मुलींना ‘दंगल’ जरूर दाखवा. दुसऱ्या दिवशी तालमीच्या फळ्यावर १-० आणि ७-० लिहा आणि तेव्हाचे नियम समजावून सांगा. आज फेऱ्या दोन आहेत, तीन-तीन मिनिटांच्या, आणि गुण एकत्र मोजले जातात. चित्रपट बघून ‘शेवटच्या सेकंदाला पाच गुण काढू’ असं डोक्यात घेऊन मॅटवर उतरणारी मुलगी पहिली तीन मिनिटं वाया घालवेल.

आता लफड्यांचं. कागद तपासणारा माणूस चिखल उडवतो असं तुम्हाला वाटतं, पण पुष्कळदा तोच चिखल धुतो. अमेरिकी बेसबॉलमधला टाय कॉब याचं ठळक उदाहरण आहे. १९०५ ते १९२८ तो खेळला. त्याची कारकिर्दीची फलंदाजीची सरासरी .३६६ (म्हणजे हजार संधींत ३६६ यशस्वी फटके), जुन्या नोंदींत .३६७. १९९४ मध्ये त्याच्यावर ‘कॉब’ नावाचा चित्रपट आला, टॉमी ली जोन्स मुख्य भूमिकेत. त्यातला कॉब म्हणजे दारूडा, वर्णद्वेष्टा, पिस्तूल परजणारा, माणूस मारल्याची फुशारकी मारणारा राक्षस. हे सगळं आलं एका माणसाकडून. कॉबच्या अखेरच्या दिवसांत त्याचं आत्मचरित्र लिहून देणारा पत्रकार अल स्टंप. कॉब जुलै १९६१ मध्ये गेला आणि त्याच वर्षी स्टंपचा खळबळजनक लेख छापून आला. खोडून काढायला माणूस उरला नव्हता.

पुढे अभ्यासकांनी एकेक गोष्ट मूळ नोंदींशी लावून पाहिली. १९१२ मध्ये डेट्रॉइटमध्ये कॉबवर गुंडांनी हल्ला केला, हे खरं. त्यातल्या एकाला त्याने ठार मारलं, हे स्टंपचं म्हणणं. त्या काळच्या शवचिकित्सेच्या नोंदींत तसा मृत्यूच सापडत नाही. कॉबच्या वडिलांचा १९०५ मध्ये आईच्या हातून गोळी लागून मृत्यू झाला. स्टंप म्हणतो शॉटगन, तेव्हाच्या नोंदी म्हणतात पिस्तूल. कॉबच्या म्हणून स्टंपमार्फत बाजारात आलेल्या कितीतरी वस्तू बनावट निघाल्या. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमच्या (नामवंत खेळाडूंच्या संग्रहालयाच्या) संग्रहात पोचलेली कॉबची ‘रोजनिशी’सुद्धा खोटी ठरली. कृष्णवर्णीय खेळाडूंना व्यावसायिक बेसबॉलमध्ये खेळू द्यावं, असं कॉबने १९५२ मध्ये उघडपणे म्हटलं होतं, ते मात्र स्टंपने उभ्या केलेल्या कॉबमध्ये कुठे बसत नाही.

म्हणून कॉब संत होता का? मुळीच नाही. १५ मे १९१२ ला न्यूयॉर्कमध्ये तो कठडा ओलांडून प्रेक्षकांत घुसला आणि शिव्या देणाऱ्या एका माणसाला त्याने तुडवलं. त्या माणसाच्या एका हाताला बोटंच नव्हती आणि दुसऱ्या हाताची तीन बोटं गेलेली होती. कॉबला निलंबित केलं, तर त्याच्या निषेधार्थ त्याचे सहकारी संपावर गेले. १८ मे ला त्याच्या डेट्रॉइट संघाने हौशी पोरं गोळा करून सामना खेळला आणि फिलाडेल्फियाकडून २४-२ असा मार खाल्ला. एवढा खरा मसाला हाताशी असताना खोटा खून कशाला लागतो, हे मला अजून उमगलेलं नाही.

याच्या उलट ‘रेजिंग बुल’. मुष्टियोद्धा जेक लामोटावरचा १९८० चा चित्रपट. त्यात भाऊ आणि जवळचा मित्र यांचं मिळून एकच पात्र केलंय, पण ते खटकत नाही. कारण १४ नोव्हेंबर १९४७ ची बिली फॉक्सविरुद्धची लढत लामोटा मुद्दाम हरला, हे चित्रपट लपवत नाही. लामोटाने स्वतः १९६० मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे ते कबूल केलं होतं. दोष जिथे होता तिथेच राहिला.

आपल्याकडे ‘अझर’मध्ये (२०१६) हेच जमलं नाही. माजी क्रिकेट कर्णधार अझरुद्दीनवर बीसीसीआयने सामनानिश्चितीच्या आरोपावरून डिसेंबर २००० मध्ये आजीवन बंदी घातली, नोव्हेंबर २०१२ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण ‘बंदी कायद्यात टिकत नाही’ आणि ‘काहीच घडलं नव्हतं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. चित्रपट पहिलं दाखवून प्रेक्षकाला दुसरं घेऊन घरी पाठवतो. सीबीआयच्या अहवालात अझरुद्दीनच्या कबुलीची नोंद होती, ती त्याने नाकारली. या दोन्ही बाजू मांडून निर्णय प्रेक्षकावर सोडला असता तर चित्रपट कितीतरी मोठा झाला असता. सुरुवातीलाच ‘हा चरित्रपट नाही’ अशी पाटी आहे. मग पोस्टरवर खऱ्या माणसाचं नाव कशासाठी?

खोटं न बोलताही सत्य झाकता येतं. चित्रपट कुठल्या वर्षी थांबतो ते बघत जा. धोनीवरचा चित्रपट २०१६ मध्ये आला, निर्मात्यांत त्याचे व्यवस्थापक अरुण पांडे होते आणि कथा थांबते २ एप्रिल २०११ ला, वानखेडेवरच्या विश्वचषक विजयावर. जुलै २०१५ मध्ये आयपीएलमधल्या सट्टेबाजी प्रकरणात लोढा समितीने चेन्नईच्या संघाला दोन वर्षं निलंबित केलं. त्यात धोनीवर ठपका नव्हता, पण त्या काळात कर्णधार म्हणून त्याच्यावर काय गुजरलं हा प्रश्नच आपोआप चौकटीबाहेर गेला. मोठा भाऊ नरेंद्रही चित्रपटात नाही. ज्याच्याकडून कथेचे हक्क घ्यायचे त्याची परवानगी लागते, आणि परवानगी देणारा आपली दुखरी बाजू सहसा देत नाही. निर्माता कोण आणि कथा कुठल्या तारखेला संपते, एवढं तिकीट काढण्याआधी पाहिलं तरी निम्मं कळतं. उरलेल्यासाठी गुणपत्रक आणि त्या आठवड्याची वर्तमानपत्रं.

तुम्ही विचारलंत, ‘मग तुमच्या मते खरा सिनेमा कसा असतो?’ त्यासाठी सोलापूरच्याच माणसाचं नाव घेतो. क्रिकेटपटू पॉली उम्रीगर, जन्म सोलापूर, १९२६. ५९ कसोटी, ३,६३१ धावा, १२ शतकं, भारताचं पहिलं कसोटी द्विशतक त्याचं. वादही भरपूर. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यात वेगवान गोलंदाज फ्रेड ट्रूमनपुढे तो मागे सरकत होता असा शिक्का बसला. कसोटीच्या सात डावांत मिळून ४३ धावा, आणि त्याच दौऱ्यात इतर सामने धरून दीड हजारावर. पुढच्याच वर्षी वेस्ट इंडिजमध्ये पाच कसोटींत ५६० धावा. लेखक काय करेल? ४३ गाळेल, नाहीतर ट्रूमनला राक्षस करेल. दोन्ही नकोत. ते ४३ तसेच ठेवले तरच ५६० ना वजन येतं.

मग जानेवारी १९५९. वेस्ट इंडिजविरुद्धच्या मद्रास कसोटीच्या तोंडावर उम्रीगरने कर्णधारपद सोडलं. त्याला फलंदाज मनोहर हर्डीकर संघात हवा होता, क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष रतिभाई पटेल फिरकी गोलंदाज जसू पटेलसाठी अडून बसले. नेतृत्व विनू मांकडकडे गेलं. त्या मालिकेत भारताचे चार कर्णधार झाले. इथे खलनायक आयता मिळतो, मुजोर अध्यक्ष आणि स्वाभिमानी खेळाडू. पण डिसेंबर १९५९ ला कानपूरमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याच जसू पटेलने ६९ धावांत ९ बळी घेतले, सामन्यात १४, आणि भारताने ऑस्ट्रेलियाला पहिल्यांदा हरवलं. दुसऱ्या डावात पटेलचे ५ होते आणि दुसऱ्या टोकाने उम्रीगरचे २७ धावांत ४. म्हणजे उम्रीगरचा राजीनामाही बरोबर ठरू शकतो आणि अध्यक्षांची गोलंदाजाची पारखही. पटकथा लिहिणाऱ्याने यातलं काहीही हलवू नये, कानपूरचा तो दुसरा डाव फक्त चेंडूगणिक दाखवावा.