आभाळ आले म्हणजे अळी पडली, असे नव्हे

औसा तालुक्यातील आमच्या शेतात हरभरा घाट्यांवर, म्हणजे शेंगांवर, आला आहे. परवा धाकट्या भावाने दिवस उगवण्याआधीच फोन करून "पंप भरू का?" असे विचारले, कारण गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक संदेश फिरतो आहे: आभाळ आले की चोवीस तासांत अळी पडते, म्हणून त्याच दिवशी दोन औषधे मिसळून फवारा, पाऊस झाला तर अळी धुऊन जाते, आणि थंडीत ती आपोआप मरते.

यातला पहिला दावा सर्वांत घातक आहे. अळी आभाळातून पडत नाही. घाटे अळीची मादी पतंग रात्री कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांवर खसखशीच्या दाण्यासारखे एकेक अंडे घालते. ते साधारण तीन-चार दिवसांनी उबते, थंडीत त्याहून उशिरा. बारीक अळी आधी पानांतला हिरवा भाग खरवडून खाते आणि पानांवर पांढुरके पापुद्रे राहतात, जे वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. अर्धे अंग घाट्यात खुपसलेली मोठी अळी जेव्हा नजरेस पडते, तेव्हा ती कालच्या आभाळाची नसून त्याच्या कितीतरी आधी घातलेल्या अंड्यातली असते.

ढगाळ, दमट हवा पतंगांना अंडी घालण्यास पोषक असते, एवढे मान्य करावे लागेल. पण म्हणून आभाळ दिसताच शेतात जाऊन झाडे तपासायची असतात, पंप भरायचा नसतो. सलग दोन-तीन दिवस प्रत्येक कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात) आठ ते दहा पतंग आले किंवा मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या सापडल्या, तरच फवारणी करावी, असे कृषी विद्यापीठांची शिफारस सांगते. भावाच्या सापळ्यांत त्या सकाळी प्रत्येकी दोन-तीनच पतंग होते.

उगीच फवारलेल्या जहाल औषधाने लहान अळीच्या अंगात अंडी घालणारी कॅम्पोलेटिस नावाची गांधीलमाशीही मरते, आणि आपले फुकटचे राखणदार आपणच संपवतो. शिवाय याच किडीने १९८७ मध्ये आंध्र प्रदेशात कापसावर सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधांना दाद दिली नव्हती. तोच गट आजही दर आभाळाला मारला जातो, याची मला खरोखर चीड येते.

पावसाबद्दलचे म्हणणे अर्धे खरे आहे: जोराच्या सरीने अंडी आणि बारीक अळ्या धुऊन जातात, पण घाट्यात शिरलेली अळी सुरक्षित राहते आणि जमिनीतल्या कोषांतून पुढे पतंग निघतच राहतात. थंडीत अळीची वाढ मंदावते, एवढेच.

अळ्या बारीक असताना वापरायच्या एचएएनपीव्ही या, अळीला रोग लावून मारणाऱ्या विषाणूला तर कडक ऊन मारक असते, म्हणून तो सायंकाळी फवारतात. ज्या ढगाळ हवेची संदेशात भीती घातली आहे, ती या उपायाला उलट सोयीची ठरते.