फ्लूचा जगप्रवास: घरबसल्या पाहणाऱ्यांसाठी चार हिताच्या गोष्टी

जगात कुठे नवा फ्लू निघाला की सुजाण नागपूरकराचं पहिलं कर्तव्य म्हणजे तो आपल्यापासून किती लांब आहे, हे ठरवणं. या कामात आपला हात कोण धरणार? झिरो माईलचा खांब आपल्याकडे आहे. इंग्रजांनी तिथे हैदराबाद, जबलपूर, चांदा, बैतूल अशा गावांची अंतरं कोरून ठेवली. मेक्सिको कोरलं नाही, म्हणजे ते मोजण्याच्याही पलीकडे असणार. एप्रिल २००९ मध्ये एच१एन१चा, म्हणजे स्वाइन फ्लूचा, नवा अवतार तिकडे गाजायला लागला, तेव्हा आपण याच हिशेबाने निर्धास्त होतो. १६ मे रोजी भारतातला पहिला रुग्ण जाहीर झाला तो हैदराबादेत. हैदराबाद कोरलेलं होतं. पण असल्या योगायोगांनी मन विचलित होऊ देऊ नका.

अंतर ठरलं की आकडा लागतो. सकाळी तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर ताजा आकडा जवळ नसेल, तर तुमच्या मताला कोणी विचारत नाही. "ब्राझील किती झालं बे?" असं कोणी म्हटलं, की जामठ्यातल्या मॅचचा स्कोअर सांगावा तसा फटकन सांगता आला पाहिजे. वर "आज थोडं स्लो आहे, पण उद्या पाहा" ही पुस्ती जोडा. नकाशावरचे लाल ठिपके दोन बोटांनी मोठे करून शेजाऱ्याला दाखवा. पेरूमधलं एखादं गाव उच्चारता आलं तर पोहे त्याच्याकडून.

हा आकडा तयार कसा होतो, ते मात्र विचारू नका, मजा जाते. आधी कुणाला तरी ताप यावा लागतो. त्याने डॉक्टरकडे जावं लागतं. डॉक्टरला शंका यावी लागते, घशातला नमुना घ्यावा लागतो, तो बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेत पोचावा लागतो, तिथे किट शिल्लक असावं लागतं, आणि निघालेला निकाल वर कळवायची कोणाची तरी इच्छा असावी लागते. एवढ्या गाळण्यांतून जो उतरतो तो एक रुग्ण. बाकीचे घरी काढा पिऊन बरे होतात, किंवा होत नाहीत. त्यामुळे जो देश शोधतो तो नकाशावर लालभडक, आणि जो शोधतच नाही तो पांढराशुभ्र. तुम्ही पांढऱ्या देशांचं कौतुक करा. "त्यांची इम्युनिटी पाहा," म्हणा.

२००९चंच घ्या. ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली, तेव्हा ७४ देशांत मिळून जेमतेम ३० हजार रुग्ण नोंदलेले होते. पुढच्या पाच आठवड्यांत संघटनेने जगभरच्या रुग्णांची मोजदाद प्रसिद्ध करणंच थांबवलं, कारण एकेका रुग्णाची तपासणी करण्यात प्रयोगशाळांची दमछाक होऊ लागली होती. आकडा थांबला म्हणजे साथ थांबली, हे तुम्हाला-मला कळतं. विषाणूला तेवढी समज नसते. ऑगस्ट २०१० मध्ये महासाथ संपल्याचं जाहीर झालं, तेव्हा प्रयोगशाळेत सिद्ध झालेले मृत्यू होते किमान १८,४४९. नंतर संशोधकांनी अंदाज बांधला, तर पहिल्या वर्षातले मृत्यू दीड लाख ते पावणेसहा लाखांच्या मध्ये कुठेतरी निघाले. आता यांतला कोणता आकडा लक्षात ठेवायचा? अर्थात पहिला. त्यात शेवटचा ९सुद्धा आहे. इतका काटेकोर आकडा चूक असेल कसा? दुसऱ्यात तर नुसतीच "ते" आहे, अमुक ते तमुक. असं तर आमचा पेंटरही बोलतो.

यानंतर येतो सगळ्यात आनंदाचा टप्पा: दोषी कोण ते ठरवणं. इथे नियम सरळ आहे. जो आधी बोलला, तो दोषी. तेव्हाचा नवा विषाणू प्रयोगशाळेत पहिल्यांदा ओळखला गेला तो दक्षिण कॅलिफोर्नियातल्या दोन मुलांच्या नमुन्यांत. पण मेक्सिकोने आपल्याकडे लोक दगावताहेत हे जगाला सांगितलं, शाळा बंद केल्या, राजधानी जवळपास कुलूपबंद केली. बक्षीस काय मिळालं? क्यूबाने आणि अर्जेंटिनाने मेक्सिकोची विमानं थांबवली, आणि चीनने मेक्सिकोच्या धडधाकट प्रवाशांनाही हॉटेलांत डांबून ठेवलं. अमेरिकेची विमानं कोणी अडवली नाहीत. का, ते विचारायचं नसतं; शहाण्या माणसाला मोहल्ल्यात कोणाशी भांडायचं आणि कोणाशी नाही, हे न सांगता कळतं.

इजिप्तने तर कमालच केली, आणि माझ्या मते जगभरच्या साथनियंत्रणाचा आदर्श म्हणून तिचा धडा शाळेत लावायला हरकत नाही. देशात एकही माणूस आजारी नव्हता. विषाणू माणसाकडून माणसाकडे जात होता. सरकारने सुमारे ३ लाख डुकरं मारायचा हुकूम सोडला. पण कैरोचा ओला कचरा ही डुकरंच खायची! पुढचे कित्येक महिने शहर कचऱ्याच्या ढिगांत बसलं आणि फ्लू आपला विमानाने यायचा तो आलाच. तरी सरकार काहीतरी करतंय, हे लांबून स्पष्ट दिसत होतं. आपल्याकडे नाल्याच्या काठी पावडर मारून फोटो काढतात, त्याची ही मोठी बहीण.

बोलणाऱ्यालाच धरायची रीत जुनी आहे. १९१८च्या फ्लूवर स्पेनचं नाव लागलं, कारण युद्धात नसलेल्या स्पेनच्या वर्तमानपत्रांनी तो छापला. लढणाऱ्या देशांनी दाबला. मुंबईत त्याच वर्षीच्या जूनमध्ये पोलीस शिपाई तापाने पडले, त्यांत गोदीतल्या ड्यूटीवरचाही होता. त्यानंतर अधिकारी एका महत्त्वाच्या प्रश्नात गुंतले: जहाजाने शहराला आजार दिला, की शहराने जहाजाला? हा वाद चालू असताना फ्लू रेल्वेने पुढे निघाला. देशभर एक कोटीहून जास्त माणसं गेली, आणि सगळ्यात भयंकर तडाखा बसलेल्या मुलखांत मध्य प्रांत-वऱ्हाड होता. त्याची राजधानी कोणती, हे नागपूरकराला सांगायला नको. त्या वर्षीचे आजोबा-पणजोबा आपल्या घराण्याच्या वंशावळीत अचानक का संपतात, याची चौकशी कोणी करत नाही. तुम्हीही करू नका. ब्राझीलचं पाहा.

आता एक धोक्याची सूचना. फ्लूच्या विषाणूंना गावांची नावं लागतात. ए/कॅलिफोर्निया/७/२००९ हा त्यातलाच. तो पुढे कित्येक वर्षं लसीत होता. आपल्या शहराचं नाव असं जगभर व्हायला नको असेल तर उपाय बिनखर्चाचा आहे: नमुनाच पाठवू नका. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला मिळाला नाही, म्हणजे फ्लूवर नजर ठेवणाऱ्या, १९५२ पासून चालत आलेल्या जागतिक जाळ्यातही गेला नाही. दरवर्षी फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिणेसाठी लसीत कोणते विषाणू घालायचे ते ठरतं, तेव्हा तज्ज्ञ ज्यांनी नमुने पाठवले त्यांचेच विषाणू पाहतात. मग लस दुसऱ्यांच्या खोकल्याची निघते आणि "ही लस आपल्याकडे चालतच नाही" असं म्हणायची सोय आपल्याला राहते. तसंही संत्र्याच्या गावाला लस कशाला लागते, बाप्पा?

विमानतळावर मात्र कडक बंदोबस्ताची मागणी करा. तिथे ताप मोजणारा कॅमेरा हवा म्हणजे हवाच. आखातातून सोनेगावला विमान साधारण चार तासांत पोचतं. फ्लू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला एक ते चार दिवस लागतात आणि ताप चढायच्या आदल्या दिवसापासून माणूस तो वाटायला लागतो. म्हणजे कॅमेऱ्यासमोरून तो ताठ मानेने, गार कपाळाने, खजुराचा डबा घेऊन बाहेर येणार. ज्याला खरंच ताप आहे, त्याने विमानातच गोळी घेतलेली असणार. तरी कॅमेरा हवा. त्याने मनाला बरं वाटतं, आणि उद्घाटनाला फीत लागते.

नजर लांबवर ठेवायची सवय झाली की जवळचं आपोआप अंधुक होतं. त्यासाठी वेगळा सराव लागत नाही. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतल्या दुधाळ गाईंमध्ये एच५एन१ हा बर्ड फ्लू सापडला, तेव्हा टेक्सासच्या गोठ्यांबद्दल आपल्याकडे किती ठाम मतं होती! त्याच वर्षाच्या शेवटी काटोल रोडवरच्या गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल जानेवारी २०२५ मध्ये आला: तोच एच५एन१, पक्ष्यांचा. जगाच्या नकाशावर आपला ठिपका वाघाच्या रूपाने उमटला, आणि आपण काय विचारलं? "मंग आता चिकन स्वस्त झालं का?" याला मी टीका म्हणत नाही. चिकनचा भाव ही आपली एकमेव रोगनिरीक्षण यंत्रणा आहे आणि ती कधी सुट्टीवर नसते. नीट शिजवलेल्या कोंबडीने काही होत नाही, हे सावजीच्या रश्श्याला कोणी वेगळं सांगायची गरजही नाही.

आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांप्रमाणे नव्या प्रकारचा फ्लू माणसात आढळला की देशाने २४ तासांत जगाला कळवायचं असतं. नागपूरची पद्धत याहून जुनी आणि जास्त पारदर्शक आहे. आपण तान्ह्या पोळ्याच्या दिवशी ढोल-ताशे लावून, काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे पुतळे रस्त्यावर काढून, लाखभर लोकांच्या साक्षीने ओरडून सांगतो: इडा पिडा, रोगराई, खासी-खोकला घेऊन जा गे मारबत! १८८०च्या दशकापासून ही निर्यात बिनबोभाट चालू आहे. ती खोकला नेमका कुठे नेते, हे आजवर कोणत्याही शेजारी गावाने विचारलं नाही. कामठीने कधी आपली बस अडवली नाही. एकच अडचण २०२०मध्ये आली. करोनामुळे मारबतीची नेहमीची मिरवणूकच निघू शकली नाही. रोग न्यायला येणारीच रोगामुळे घरी बसली, तर माणसाने जावं कोणाकडे?

राहता राहिला घरातला खोकला. त्याचं कारण कधीच फ्लू नसतो. कूलर लावला म्हणून, कूलर काढला म्हणून, परवा फुटाळ्यावर रात्री आइस्क्रीम खाल्लं म्हणून. मेडिकल स्टोअरवाल्या भाऊकडून अँटिबायोटिकची अर्धी पट्टी आणा. विषाणूवर ती चालत नाही, पण भाऊ ओळखीचा आहे. अंगात ताप असेल तरी वाडीच्या लग्नाला जा. नाही गेलं तर वहिनींना वाईट वाटेल. मास्क लावू नका, फोटोत चांगला दिसत नाही. नवरीला आशीर्वाद देताना जवळ वाका, आजेसासूबाईंच्या कानाशी तोंड नेऊन "ओळखलं का आजी?" असं मोठ्याने विचारा, आणि पंगतीत बुंदीचं ताट स्वतःच्या हाताने फिरवा. दोन दिवसांनी आजी मेडिकलला भरती झाल्या, की "वय झालं होतं वो" हे निदान तयार ठेवा.

आणि दारावर आशाताई आल्या, रजिस्टर उघडून "घरात कोणाला ताप, सर्दी, खोकला?" असं विचारायला लागल्या, तर उंबऱ्यातच उभे राहा. आत बोलावू नका. "छे हो ताई, सगळे ठणठणीत," असं एका दमात म्हणा. त्या शून्य लिहितील, लिहू द्या. नेमकी त्याच वेळी आतल्या खोलीतून बाबांना खोकल्याची उबळ आली आणि ताईंनी पेन उचलून तुमच्याकडे पाहिलं, तर गडबडू नका. दार थोडं लोटून घ्या आणि सांगा:

"काही नाही ताई, टीव्ही चालू आहे. तिकडच्या फ्लूची बातमी दाखवून राहिले."