'कसाई' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर: कापलेल्या ॲक्सलबद्दल

'जुनं ते सोनं' या टोपणनावाने लिहिणारे वाचकहो,

फोर्ड एक्सप्लोरर या एसयूव्हीचा 8.8 इंची मागचा ॲक्सल (हे इंच म्हणजे आतल्या मोठ्या दातेरी चाकाचा, क्राउनचा, व्यास) आखूड करून 1966च्या फोर्ड मस्टँगला बसवला, त्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. रात्री वाचली आणि उत्तर सकाळी लिहायला घेतलं, हे दोघांच्याही हिताचं झालं. इतरांना शोधाशोध नको म्हणून तुमचं म्हणणं इथे जसंच्या तसं देतो:

"काका, मूळ 8 इंची ॲक्सल धडधाकट असताना गाडीची कत्तल करणारे कसाई आहात तुम्ही. घरच्या गॅरेजात ग्राइंडरने कापलेली ट्यूब सरळ वेल्ड होत नसते, हे ज्याला कळत नाही त्याने हातात हत्यार घेऊ नये. सी-क्लिपच्या धोक्याबद्दल अक्षर नाही. पिनियनचा कोन चाकं लटकत असताना मोजलाय, फोटोत दिसतंय. आणि ट्यूबचं माप मिलिमीटरमध्ये, बाकी सगळं इंचात, हा काय प्रकार?"

आता 'काका' आणि 'कसाई' एकाच वाक्यात. आधी नातं जोडायचं आणि त्याच दमात सुरी हातात द्यायची, ही रीत मला नवीन आहे. माझं वय मी कुठे लिहिलेलं नाही, तुम्ही ते कशावरून ठरवलंत देव जाणे. मतभेदाला माझी कधीच ना नव्हती. याच लेखाखाली एका वाचकाने ब्रेकच्या पाइपांबद्दल माझ्या अगदी उलट मत मांडलंय, आणि त्यांच्याशी माझा छान संवाद चालू आहे. त्यांनी प्रश्न विचारला होता, निकाल सुनावला नव्हता.

मापांचं तुमचं म्हणणं मान्य. ट्यूबचा, म्हणजे चाकाचा शाफ्ट ज्यात फिरतो त्या ॲक्सलच्या नळीचा, व्यास मी 82.5 मिलिमीटर लिहिला, कारण व्हर्नियरवर तोच आकडा समोर होता. 3.25 इंच. लेखात दुरुस्त केलंय. सरळ सांगितलं की मी ऐकतो, एवढं यावरून लक्षात यावं.

आता तुमचं ते दुसरं वाक्य. "सरळ वेल्ड होत नसते."

कशाच्या आधारावर? तुम्ही कधी ट्यूब कापली आहे का? प्रतिक्रियेत तसं काही दिसलं नाही, म्हणून विचारतो. माझं सांगायचं तर वडिलांचं जॉबवर्कचं वर्कशॉप होतं आणि शाळेतून आल्यावर लेथखालचा लोखंडाचा कीस झाडण्याचं काम माझ्याकडे असायचं. मायक्रोमीटर धरायला शिकलो तेव्हा सायकल चालवता येत नव्हती. पुढे नोकरीही टूलरूममध्येच केली. जिग, म्हणजे काम अचूक जागी धरून ठेवणारा साचा, बनवणं आणि ते खरं आहे की नाही ते तपासणं, हाच माझा धंदा होता. हे मिरवायला सांगत नाही. पण हत्यार कोणी हातात घ्यावं याचे परवाने वाटायला तुम्ही बसला आहात, म्हणून अर्जासोबत अनुभवाचा दाखला जोडला.

मुळात ट्यूब वाकडी होते ती कापल्यामुळे नाही. ग्राइंडरने कापा, बँडसॉने कापा किंवा लेथवर कापा, टोक काटकोनात घासून घेतलं की तो विषय संपतो. ट्यूबला ओढते ती उष्णता. वेल्डिंगचा ओघळ थंड होताना आकसतो आणि ज्या बाजूला तो भरला त्या बाजूला ट्यूब खेचली जाते. हे घरी होतं आणि कारखान्यातही होतं. धातूला गॅरेजचा पत्ता कळत नाही. म्हणून वेल्डिंग कुठे केलं याला काही अर्थ नाही. करताना आणि केल्यावर मोजलं कशाने, ते विचारायला हवं होतं.

मोजायला असतो अलाइनमेंट बार. ग्राइंड केलेला सरळ पोलादी दांडा. डिफरन्शियलची, म्हणजे दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या मधल्या गिअरसंचाची, बेअरिंगं जिथे बसतात त्या खाचांत दोन चकत्या, वर मूळ कॅप बसवून बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळलेले. दोन्ही टोकांना चाकाच्या बेअरिंगच्या बोअरमध्ये आणखी दोन चकत्या. चारींतून दांडा आरपार. तो हाताने फिरतो आणि सरकतो तोवर हौसिंग, म्हणजे ॲक्सलचं बाहेरचं कवच, सरळ. अडला की वाकडं. लेखात याचा फोटो होता, पण तुमचं लक्ष माझ्या ग्राइंडरवर खिळलेलं दिसतंय.

दांडा आत ठेवूनच चार बाजूंना चार टाके मारायचे. मग एकेक इंचाचा ओघळ, तोही समोरासमोर: वर एक तर नंतर खाली एक, डावीकडे एक तर मग उजवीकडे. मध्ये थांबायचं, ट्यूबला हात लावता येईल इतकं निवू द्यायचं, दांडा फिरवून बघायचा. घाई झाली की संपलं. थोडं वाकलंच तर विरुद्ध बाजूला मोजकी उष्णता देऊन परत ओढता येतं, कारण ज्या आकसण्याने बिघाड होतो त्यानेच तो सुधारतोही. याला दिवस लागतो. सलग वेल्ड मारून तासाभरात उरकणाऱ्याची ट्यूब वाकडी होणारच, मग त्याच्या दारावर कितीही मोठी पाटी असो.

पाटीवरून आठवलं. फार पूर्वी, दुसऱ्या एका गाडीचा ॲक्सल मी अशाच मोठ्या पाटीच्या दुकानात आखूड करायला दिला होता. जिग होतं, मशिनं होती, बिलही त्या मानाने होतं. काही महिन्यांत डाव्या चाकाचं सील गळायला लागलं. सील बदललं, परत गळलं. उघडून पाहिलं तर शाफ्टवर बेअरिंगच्या पट्ट्याच्या एकाच कडेला खोल चर. या जातीच्या ॲक्सलमध्ये बेअरिंगचे रोलर थेट शाफ्टवरच फिरतात, त्यामुळे हौसिंग वाकडं असलं की शाफ्टच साक्ष देतो. त्या दिवसापासून मी दुसऱ्याच्या जिगवर विश्वास ठेवणं सोडलं. एक्सप्लोररच्या ॲक्सलचे दोन्ही शाफ्ट मी या वर्षी मुद्दाम काढून पाहिले. बेअरिंगचा पट्टा गुळगुळीत, सगळीकडे सारख्या रुंदीचा. सील कोरडं. तुमच्या "होत नसते"ला माझं एवढंच उत्तर पुरेसं होतं, पण आता सुरू झालोच आहे तर पुढचंही सांगतो.

तुम्ही दोन वेगळ्या वेल्डिंगची खिचडी केली आहे असा मला दाट संशय आहे. ट्यूब पोलादाची, मधला गोळा बिडाचा. 8.8 मध्ये ट्यूब त्या बिडाच्या गोळ्यात दाबून बसवलेल्या असतात आणि भोकांतून वेल्डचे ठिपके दिलेले असतात. जोर वाढला की ट्यूब आतल्या आत फिरू शकते, म्हणून लोक तो सांधा पूर्ण वेल्ड करून घेतात. ते काम खरोखर नाजूक. बिडात कार्बन जास्त, वेल्डशेजारची कड कडक आणि ठिसूळ होते, निवताना तडकते. त्याला आधी तापवणं, निकेलची काडी आणि नंतर ब्लँकेटमध्ये गुंडाळून सावकाश निववणं लागतं. त्याबद्दल तुम्ही भीती घातली असती तर मी मान डोलावली असती. पण मी कापलेला सांधा पोलादाला पोलाद आहे.

आणि सरळपणाचं एवढं सोवळं कशाला? कारखान्यातून आलेली हौसिंगंही दांडा घालून पाहिली तर काटेकोर सरळ निघतात असं नाही. अमेरिकेतल्या नॅसकार शर्यतींत तर मागच्या चाकांना कॅम्बर, म्हणजे उभ्या रेषेपासून थोडा कल, मिळावा म्हणून हौसिंग मुद्दाम किंचित वाकवलेलं असायचं, आणि ते चालावं म्हणून शाफ्टच्या स्प्लाइनना, म्हणजे टोकावरच्या उभ्या दात्यांना, गोलाई द्यायचे. माझ्या ॲक्सलला तशी गरज नाही. पण "सरळ की वाकडं" हा प्रश्न तुम्ही हो-नाहीचा करून टाकलात, तो तसा नसतो. किती, कोणत्या दिशेला आणि बेअरिंगला ते सोसतं का, असं विचारावं लागतं.

बाकीचं थोडक्यात, कारण बाकीच्यात फारसं काही नाही.

कत्तल. गाडीच्या पत्र्याला, चॅसिसला, लीफ स्प्रिंगच्या पाट्यांच्या हँगरला मी हात लावलेला नाही. कापला तो भंगारातल्या एक्सप्लोररचा ॲक्सल. मूळ 8 इंची ॲक्सल ड्रमसकट, ग्रीस फासून, गुंडाळून फळीवर ठेवलाय. यू-बोल्ट सोडले की गाडी कधीही होती तशी होते. याला कत्तल म्हणतात का? 8 इंची ॲक्सल वाईट आहे असंही मी कुठे लिहिलेलं नाही. 289 घन इंचाच्या साध्या इंजिनाला तो पुरून उरतो. पण आता इंजिन साधं राहिलेलं नाही, आणि 28 स्प्लाइनच्या शाफ्टऐवजी 31 स्प्लाइनचा मिळत असेल, तोही कारखान्यातूनच डिस्क ब्रेक घेऊन आलेल्या 1995 नंतरच्या ॲक्सलमध्ये, आणि चाकाचे पाच बोल्ट त्याच साडेचार इंचाच्या वर्तुळात, तर मी तो का घेऊ नये?

शिवाय यातली गंमत तुमच्या नजरेतून सुटलेली दिसते. एक्सप्लोररचा ॲक्सल 59.5 इंचाच्या आसपास, गाडीला हवा 57च्या थोडा वर. त्याची एक ट्यूब दुसरीपेक्षा सुमारे 3 इंच लांब असते. लांब बाजू तेवढी कापली की दोन्ही बाजूंना तोच आखूड शाफ्ट बसतो. खास शाफ्ट बनवून घ्यावा लागत नाही, दुसऱ्या एक्सप्लोररचा आखूड शाफ्ट काढायचा आणि सरळ आत सारायचा. पिनियनही, म्हणजे इंजिनाकडून येणारा जोर क्राउनला देणारं छोटं दातेरी चाकही, जवळजवळ मध्यावर येतो. म्हणजे 59.5 मधून 3 गेले, 56.5 राहिले, मूळपेक्षा थोडा अरुंदच, आणि तो फरक चाकाच्या ऑफसेटमध्ये, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं त्यात, सहज भरून निघतो.

फोर्डचाच 9 इंची ॲक्सल का नाही, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण दुसऱ्या दोघांनी विचारलंय म्हणून: तो मजबूत आहेच. त्यात पिनियन क्राउनच्या मध्यापासून जास्त खाली बसतो, दात दातांवर जास्त घासतात, त्यामुळे ताकदही जास्त आणि वाया जाणारी शक्तीही जास्त. रस्त्यावरच्या गाडीला मला तो सौदा पटत नाही. रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला पिनियनचे किती फेरे, 3.55 ठेवलाय. 25 इंचाच्या टायरवर ताशी 60 मैलांना इंजिन सुमारे 2860 फेऱ्या मारतं, मूळच्या 2.80 वर 2260 मारायचं. पण पाचवा गिअर 0.68चा आहे, तो टाकला की 1950 वर येतं. मूळ गिअरबॉक्स ठेवणाऱ्याने 3.55 घेऊ नये, हे मी लेखातही लिहिलंय.

सी-क्लिप, म्हणजे शाफ्टला आतल्या टोकाशी अडकवून ठेवणारी C आकाराची कडी. फोर्डने आणि इतरांनी ही रचना वर्षानुवर्षं रस्त्यावर चालवली आहे. शाफ्ट तुटला तर ड्रमवाल्या गाडीत चाकासकट बाहेर येऊ शकतो, हे खरं. डिस्कवाल्यात कॅलिपर डिस्कला धरून असतो. ड्रॅग रेस करणाऱ्याने एलिमिनेटर, म्हणजे क्लिपऐवजी शाफ्टला बाहेरच्या टोकाला धरणारे भाग, लावावेत. मी ड्रॅग रेस करत नाही. विषय संपला.

पिनियनचा कोन. तो फोटो जोडणी चालू असतानाचा आहे. पाट्यांचे पर्च, म्हणजे ॲक्सल पाट्यावर बसवणाऱ्या बैठका, मी टाके मारून सोडले होते. गाडी स्वतःच्या वजनावर चाकांवर उभी करून कोन बघितला, पिनियनचं नाक दोनेक अंश खाली ठेवलं, कारण जोर लागला की पाटा पिळतो आणि नाक वर उचललं जातं, आणि मगच पर्च पक्के वेल्ड केले. लेखात हे लिहिलं नव्हतं? नव्हतं. ज्याने पाट्यांची गाडी हाताळली आहे त्याला ते सांगावं लागत नाही असं मी धरून चाललो. यापुढे तसं धरून चालणार नाही, वाचकवर्गात कोण कोण आहे ते आता कळलं.

आणि हो, ट्यूब 3.25 इंचाची असल्याने मस्टँगचे मूळ यू-बोल्ट आणि खालच्या प्लेटी बसत नाहीत, मोठ्या घ्याव्या लागतात. ही खरी राहून गेलेली गोष्ट होती. ती तुमच्याही नजरेला पडली नाही.

तुम्हाला अजूनही ट्यूब वाकडी वाटत असेल तर एक मोजमाप सुचवतो. दोन्ही शाफ्ट बसवा, फ्लँजला सरळ पट्ट्या बांधा, पुढून आणि मागून पट्ट्यांमधलं अंतर मोजा, पुढच्या चाकांचा टो, म्हणजे ती आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते, मोजतो तसंच. मग शाफ्ट अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजा, म्हणजे फ्लँजचा दोष वेगळा पडेल. तुमच्या धडधाकट मूळ ॲक्सलवर हे करून आकडे इथे टाका, शेजारी मी माझे टाकतो. आकडे नसलेली पुढची प्रतिक्रिया मी प्रसिद्ध करणार नाही. काल रात्रीची दुसरी, ज्यात वडिलांचा उल्लेख होता, ती काढून टाकली आहे.