पीएमआय ५० च्या वर म्हणजे सगळं आलबेल नव्हे

एका लेखात म्हटलंय पीएमआय (कंपन्यांच्या खरेदी व्यवस्थापकांना विचारून काढलेला निर्देशांक, ५० च्या वर म्हणजे वाढ, खाली म्हणजे घट) ५० च्या वर गेला म्हणजे जगातले कारखाने सावरले, पण त्या आकड्याच्या पोटात काय असतं ते पण बघा ना. नवीन ऑर्डर्सला ३० टक्के वजन, उत्पादनाला २५, नोकऱ्यांना २०, कच्च्या मालाच्या साठ्याला १० आणि सप्लायरकडून माल यायला किती वेळ लागतो त्याला १५. आता गंमत अशी की माल उशिरा आला तर आकडा वर जातो, कारण गृहीत असं की मागणी जोरात आहे म्हणून सप्लायरला झेपत नाहीये. २०२१ मध्ये हेच झालं, चिप मिळेनात, कंटेनर मिळेनात, आणि इंडेक्स मात्र मस्त!

तांबड्या समुद्रात २०२३ च्या शेवटी हूथींचे (येमेनमधल्या बंडखोरांचे) जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, १०-१५ दिवस जास्त, इंधन जास्त, भाडं जास्त. आम्ही चाकणहून जर्मनीला पार्ट पाठवतो, न्हावाशेवाहून माल निघाला तरी पोचेपर्यंत पैसे अडकलेले, वर बँकेचं व्याज चालूच. हा खर्च पीएमआयच्या मुख्य आकड्यात दिसतच नाही, इनपुट प्राइसेसचा (म्हणजे कारखान्यांना पडणाऱ्या खर्चाचा) आकडा वेगळा येतो, तो लेखात कुठंय?